गाडीखालचा पुठ्ठा

सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, इंजिन गार असताना, बॉनेट उघडून पाण्याची पातळी पाहायची, ही माझी सात वर्षांची सवय आहे. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी मी तेच करत होतो. रेडिएटरचे झाकण हातात होते आणि फोन वाजला. नांदेडहून धाकटी मुलगी वर्षा बोलत होती. "बाबा, अण्णा गेले... पहाटे. झोपेतच." अण्णा म्हणजे तिचे सासरे, माझे व्याही किशनराव. मी "निघतो" एवढेच म्हणालो. झाकण जागेवर बसवले, ते घट्ट बसले की नाही हे दोनदा पाहिले, हात पुसले आणि मग घरात जाऊन पत्नीला सांगितले. तिने विचारले, "कधी फोन आला?" मी म्हणालो, "आत्ता." प्रत्यक्षात दहा मिनिटे होऊन गेली होती.

मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. ड्रायव्हर घेऊन या, असे वर्षाने बजावले होते. मी घेतला नाही. लातूर सोडले, अहमदपूर मागे पडले आणि लोह्याच्या अलीकडे रस्त्याच्या डाव्या हाताला एक लिंबाचे झाड आहे, तिथे मी गाडी थांबवली. तापमानाचा काटा जागेवर होता. गाडीत कोणताही बिघाड नव्हता. का थांबलो, हे पत्नीने विचारले नाही. तिला ती जागा ठाऊक होती. पाच मिनिटांनी आम्ही पुढे निघालो.

मृत्यूनंतर माणसाविषयी लिहिण्याचा मला सराव नाही. मुख्याध्यापक असताना शाळेतल्या शोकसभा मी तीन वाक्यांत संपवत असे. किशनरावांविषयी तीन वाक्ये पुरत नाहीत, असे दिसते. ते मूळचे मुखेड तालुक्यातले. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून आयुष्य घालवले आणि निवृत्तीनंतर नांदेडला स्वतःच्या छोट्या घरात राहिले. त्यांचा मुलगा मिलिंद आणि माझी वर्षा एकाच महाविद्यालयात शिकवत. नऊ वर्षांपूर्वी दोघांनी नांदेडलाच नोंदणी पद्धतीने लग्न केले. त्या लग्नाला मी गेलो नाही. कारण जात हे होते. आमचे घर शिरूर अनंतपाळ तालुक्यातले, शेतीवाडीचे, कुळाचा ताठा बाळगणारे; किशनरावांचे घर बौद्ध. लोकांना मी प्रकृतीचे कारण सांगितले. पत्नी एकटी एस.टी.ने गेली आणि एकटी परत आली. चौतीस वर्षे मी रोज सकाळी मुलांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतली होती. इथे याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

लग्नाला दोन वर्षे झाली तेव्हा वर्षाला टायफॉइड झाला. पत्नीच्या गुडघ्यांना बसचा प्रवास झेपत नव्हता. ती म्हणाली, "तुम्ही येत नसाल तर मी गाडी करून जाते." मी म्हणालो, "सोडतो. थांबणार नाही." तेव्हा माझ्याकडे हीच पांढरी गाडी होती, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली, आणि तीन महिन्यांपासून तिच्या रेडिएटरचे पाणी कमी होत होते. गळती दिसत नव्हती. गाडीखाली थारोळे नाही, नळी ओली नाही. लातूरच्या तीन गॅरेजांत दाखवली. तिघांनीही बॉनेट उघडून, आत डोकावून, काही नाही असा निर्वाळा दिला. मी रोज सकाळी बोअरचे पाणी घालत राहिलो. गणिताचा शिक्षक असल्यामुळे खुणा केलेल्या बाटलीने मोजून घालत होतो आणि किती घातले ते एका खिशातल्या वहीत लिहून ठेवत होतो. निघण्याच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या एका जीपवाल्याने उपाय सांगितला की रेडिएटरमध्ये हळद टाका, बारीक भोक आपोआप बुजते. मी दोन चमचे हळद टाकली. आमच्याकडे असे करणारे पुष्कळ आहेत. शिकलेल्या माणसाने करावे असे ते नव्हते.

लोह्याच्या अलीकडे काटा चढला. मी त्या लिंबाखाली गाडी लावली आणि बॉनेट उघडून उभा राहिलो. खरे सांगायचे तर मला बरे वाटले. परत फिरायला चांगले निमित्त मिळाले होते. गाडी तापली, म्हणून आलो नाही, यावर कोणी काही बोलले नसते. पत्नी गाडीतच बसून होती. ती समोरच्या काचेतून नांदेडच्या रस्त्याकडे पाहत होती. अर्ध्या तासाने मी गाडी सुरू केली आणि नांदेडच्या दिशेने नेली.

किशनरावांच्या फाटकाशी पोचलो तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती. फाटकात किशनराव उभे होते. बुटका, काळासावळा माणूस, अंगात वर्कशॉपचा जुना खाकी शर्ट, खांद्यावर टॉवेल. आमची ती पहिली भेट. दोन वर्षांनी दारात आलेल्या व्याह्याकडे ते कसे पाहतील, हा प्रश्न वाटभर माझ्या मनात होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही; गाडीकडे पाहिले. "या ताई, या सर... आरं थांबा, झाकनाला हात लावू नका! भाजंल. गरम हाय तोवर उघडायचं नसतं ह्याला." मी हात मागे घेतला. त्यामुळे नमस्कार करायचा की नाही, हा प्रश्न आपोआप मागे पडला.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी शांताबाई स्टीलचा तांब्या आणि पेला घेऊन बाहेर आल्या. दारात वर्षा उभी होती, भिंतीला धरून. आजाराने अर्धी झाली होती. मी म्हणालो, "आमच्यात लेकीच्या घरचं पाणी घेत नसतात. तिला लेकरू होईपर्यंत." अशी रीत आहे, हे खरे. ती मी कधी पाळली नव्हती, हेही खरे. माझी थोरली मुलगी उदगीरला दिलेली. तिच्या लग्नानंतर महिन्याभरात मी तिच्या घरी पाटावर बसून पोटभर जेवलो होतो. वर्षाला ते माहीत होते. तिने मान फिरवली. शांताबाईंचा हात तसाच पुढे राहिला होता. किशनरावांनी तो तांब्या त्यांच्या हातून घेतला. "हाव, असतं काही काही घरांत," ते म्हणाले आणि तांब्या पुढच्या चाकाजवळ, सावलीत ठेवला. "राहू द्या इथंच. गार झाल्यावर गाडीला लागंल."

पत्नी मुलीजवळ आत गेली. मी अंगणातच थांबलो. किशनरावांनी गाडीभोवती एक फेरी मारली, एकेक नळी हाताने चाचपली, तेलाची पट्टी काढून बोटांवर चोळून पाहिली. तेल स्वच्छ होते, म्हणजे पाणी इंजिनात जात नव्हते. लोह्याच्या अलीकडे काटा चढल्याचे मी सांगितले. मग त्यांनी विचारले, "कवापासून कमी होऊन राहिलं पानी?" मी खिशातली वही काढून दिली. त्यांनी चष्मा लावला, रंगाची रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून ती वही पहिल्या पानापासून वाचली. एखादा तपासनीस शाळेचे दप्तर पाहतो, तसे. मध्येच बोट ठेवून म्हणाले, "दर सोमवारी सकाळी जास्ती पानी का लागलं हो सर?"

"रविवारी गाडी जागेवरच असते."

"आन हे दोन दिवस? इथं निम्मंच हाय."

"तेव्हा शिरूरला जाऊन-येऊन होतो."

"मग बगा की. चालती तवा कमी पिती, उभी ऱ्हाती तवा जास्ती." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "ह्यात समदं लिव्हलंय तुम्ही, सर. वाचलं न्हाई फक्त."

चौतीस वर्षांत माझ्या कामाची अशी तपासणी कोणी केली नव्हती. मला राग आला आणि ते बरोबर आहेत हेही कळले. पाणी गार गाडीतून जात होते. मी प्रत्येक गॅरेजात गाडी चालवत नेली होती, म्हणजे गरम. इंजिन तापले की रबर फुगून फट बंद होते, गार झाले की आकसते आणि थेंब सुटतो. पाहणाऱ्याने पाहावे तेव्हा गळती नसे. किशनरावांनी घरातून एक खोके आणले, ते उलगडून सपाट केले आणि तो पुठ्ठा गाडीखाली सरकवून चार कोपऱ्यांवर खडे ठेवले. "आता तिला झोपू द्या. सकाळी ती सोताच सांगंल." मी स्टेशनजवळच्या लॉजवर मुक्काम केला. पत्नी तिथेच राहिली.

सकाळी सहाला मी परत गेलो तेव्हा ते जमिनीवर पालथे पडून पुठ्ठा पाहत होते. पुठ्ठ्यावर रुपयाएवढा एक ओला डाग होता, रेडिएटरच्या खालच्या डाव्या कोपऱ्याच्या बरोबर खाली. ते म्हणाले, "सापडली." मग डागाला बोट लावून त्यांनी ते बोट उजेडात धरले. "सर... हे पिवळं काय हाय?" मी सांगितले. दोन चमचे, हेही सांगितले. ते उठून बसले आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हंजे लेकीला लावायची हळद ऱ्हाऊन गेली, ती रेडिएटरला लावली म्हना की!"

अंगणात दुसरे कोणी हसले नाही. दारात शांताबाई होत्या, त्या म्हणाल्या, "काय बोलावं, कुनाला बोलावं, काही कळतं का तुमाला?" किशनरावांनी टॉवेलने तोंड पुसले. "जीभ लई मोकाट हाय माझी. वर्कशॉपची सवय. राग मानू नका, सर." त्या वेळी अपमान वाटला होता. आता सांगतो, माझ्याविषयी इतके अचूक वाक्य माझ्या तोंडावर दुसऱ्या कोणी उच्चारलेले नाही.

त्या दिवशी आम्ही रेडिएटर उतरवला. 'आम्ही' म्हणतो, पण मी बॅटरीचा उजेड धरला आणि मागितलेले हत्यार दिले. हळदीने गळती थांबवली नव्हती. जाळीच्या बारीक नळ्या मात्र चिखलाने भरल्या होत्या आणि लोह्याला काटा चढला तो त्यामुळे. आदल्या दिवशीचा तांब्या अजून चाकाजवळ होता. सर्वांत आधी त्यांनी तेच पाणी जाळीत ओतले. पलीकडून पिवळा गाळ आला. मग नळाची नळी लावून, पाणी काचेसारखे येईपर्यंत, तासभर जाळी धुतली. दोष होता तो प्लॅस्टिकची टाकी जिथे जाळीला जोडलेली असते त्या सांध्यात. तिथले रबरी पॅकिंग एका कोपऱ्यात कडक होऊन बसले होते. टाकी धरून ठेवणारे पत्र्याचे बारीक दात त्यांनी पकडीने एकेक करून उघडले, खाच कापडाने पुसली, बाजारातून आणलेले नवे पॅकिंग बोटाने दाबत बसवले आणि दात पुन्हा मिटायला घेतले. घाई नाही, एक दात मिटला की समोरचा, मग परत इकडचा. शेवटचे चार राहिले तेव्हा पकड माझ्यापुढे धरली. "हे तुम्ही दाबा, सर."

"मला जमणार नाही."

"वही लिव्हनारा मानूस हाय तुम्ही. जमतंय. जोर नका लावू, आहिस्ता. तुटला तं दात परत येत न्हाई."

मी चार दात दाबले. ते थोडे वाकडे बसले. त्यांनी ते सरळ केले नाहीत. एका जुन्या झाकणाला भोक पाडून त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला होता. ते झाकण लावून त्यांनी पंपाने बेताची हवा भरली आणि सांध्यावर साबणाचा फेस सोडला. एकही बुडबुडा आला नाही. मग रेडिएटर चढवून त्यात हिरवे कूलंट भरले. "बोअरचं पानी आता ह्यात घालायचं न्हाई. खार धरतं," त्यांनी बजावले. शेवटी झाकण उघडे ठेवून गाडी सुरू केली आणि आतली हवा निघून जाईपर्यंत नळी हाताने दाबत उभे राहिले. तेव्हाच ते म्हणाले, "तीन महिने तुम्ही पानी घालीत राहिले. पानी घालीत ऱ्हानं म्हंजे दुरुस्ती न्हाई, सर." ते गाडीविषयी बोलत होते. दुसऱ्या कशाविषयी बोलायचे असते, तर त्यांनी सरळ बोलून टाकले असते. तसा माणूस होता तो.

त्या दिवशी ऊन कडक होते. दुपारी मी हात धुतले आणि चौकातल्या चहाच्या टपरीवर निघालो. त्या घरात चहा घ्यायचा नव्हता. फाटकापाशी मागून आवाज आला, "थांबा सर, मी बी येतो." मी म्हणालो, "तुमचा चहा घरी झाला असेल." ते म्हणाले, "झाला की. त्यानं काय होतंय?" आम्ही टपरीच्या बाकड्यावर शेजारी शेजारी बसून चहा घेतला. टपरीवाला त्यांच्या ओळखीचा होता. "काय अण्णा, घरून हाकललं काय?" त्याने विचारले. किशनराव म्हणाले, "पाव्हन्याला एकट्याला कसं सोडू रे?" टपरीवरचा पेला कोणी धुतला, कोणत्या पाण्याने धुतला, कोणी कोणी त्यातून आधी चहा घेतला, हे मी कधी विचारले नव्हते. ते तेव्हा लक्षात आले. लक्षात आल्यावरही मी काही केले नाही.

निघताना ते म्हणाले, "तीन महिन्यांनी आना परत. एकदा बघू." मी दर तीन महिन्यांनी गेलो. कूलंट दोन वर्षे बदलावे लागत नाही, असे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत छापलेले होते. मी ती पुस्तिका वाचली होती. त्यांना तर ती वाचण्याचीही गरज नव्हती. तरी सात वर्षे त्या अंगणात बॉनेट उघडत राहिले, आम्ही दोघे आत डोकावत राहिलो, ते "बराबर हाय" म्हणत राहिले आणि मग आम्ही टपरीवर जात राहिलो. त्यांनी मला गार गाडी वाचायला शिकवली, मी त्यांच्या आग्रहावरून त्यांना शब्दकोडी सोडवायला शिकवली. एकदा ते माझ्यावर रागावलेही. मी गरम गाडीचे झाकण फडक्याने उघडू पाहत होतो. "डोळे जातील खामखा! मास्तर हाय का कोन हाय?" असे ओरडून त्यांनी माझा हात झटकला. मग पूर्ण चहाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

वर्षाला मुलगी झाली तेव्हा माझी रीत संपली. लेकरू होईपर्यंत, असे मीच सर्वांसमोर म्हणालो होतो. नामकरणाच्या दिवशी मी त्या घरी गेलो तो मनाशी ठरवून, की आज पाणी पुढे आले तर घ्यायचे. पाणी आले नाही. शांताबाईंनी सर्वांना दिले, माझ्यासमोरून तबक जरा लांबूनच नेले. मला अवघड वाटू नये म्हणून त्यांनी तसे केले, हे मला दिसत होते. एकदा नाकारलेले पाणी माणूस दुसऱ्यांदा पुढे करत नाही, मागावे लागते. मला मागता आले नाही. किशनराव नेहमीप्रमाणे म्हणाले, "चला सर, टपरीवर." मी उठलो. असे अनेकदा झाले. दर वेळी लातूरहून निघताना मी वाक्य तयार करत असे. चार शब्दांचे वाक्य होते. वर्गात मी तासन्‌तास बोललो आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या हृदयाचे दुखणे वाढले. मी गेलो तेव्हा ते अंगणात खुर्चीवर बसले होते, पायांवर चादर. बॉनेट मी उघडले. ते बसल्या जागेवरून विचारत होते आणि मी पाहून सांगत होतो. पातळी, नळ्या, तो खालचा कोपरा. "तुमचे चार दात धरून हायत का?" आहेत, असे मी सांगितले. "वाकडे हायत पन धरून हायत," ते म्हणाले. टपरीची वेळ झाली होती. त्यांनी फाटकाकडे पाहिले. "आज माझ्यानं यायचं न्हाई, इवाई. तुम्ही जाऊन या." सात वर्षे ते मला 'सर' म्हणत आले होते. इवाई हा व्याह्यासाठी आमच्याकडचा साधा शब्द आहे. माझे वडील त्यांच्या व्याह्यांना त्याच शब्दाने हाक मारत.

मी गेलो नाही. बॉनेटला हात टेकून उभा राहिलो आणि घराकडे तोंड करून म्हणालो, "विहीणबाई, जरा पाणी द्या." आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. शांताबाई तांब्या घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. त्यांनी पतीकडे पाहिले. किशनरावांनी माझ्याकडे पाहिले.

"गाडीला, का तुमाला?" त्यांनी विचारले.

"मला."

मी पाणी प्यालो. पूर्ण पेला. किशनराव तोवर बॉनेटकडे पाहत होते. मी पेला खाली ठेवल्यावर ते म्हणाले, "झाकन नीट बसवलं का?" मी म्हणालो, "बसवलं." आमची ती शेवटची भेट.

त्यांच्या मृत्यूच्या दिवशी घरात माणसे मावत नव्हती. अंत्यसंस्कार आटोपून परत आलो तेव्हा शांताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, सकाळपासून तोंडात काही नाही. मी म्हणालो, "पाणी आणतो," आणि स्वयंपाकघरात गेलो. आत गेल्यावर थांबलो. माठ कुठे आहे, हे मला माहीत नव्हते. एक पिंप उघडले, त्यात तांदूळ होते. दुसऱ्या डब्यात पीठ होते. नऊ वर्षांच्या नात्यात, सात वर्षांच्या येण्याजाण्यात, त्या घरात पाणी कुठे ठेवतात हे मला माहीत नव्हते. एकदा पेलाभर पाणी प्याल्याने ते माहीत होत नाही. मागून वर्षा आली. तिने दाराआडच्या कोनाड्याकडे बोट दाखवले. मी तांब्या भरत असताना ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, अण्णांना माहीत होतं. उदगीरला ताईकडं तुम्ही जेवता ते. पहिल्याच दिवशी मी रागानं सांगितलं होतं." मी विचारले, "काय म्हणाले?"

"म्हणाले, पानी पिलं न्हाई ते सोड. तापलेली गाडी घेऊन मानूस लोह्याहून माघारी गेला न्हाई, ते बघ."

तांब्या घेऊन मी बाहेर आलो. आधी शांताबाईंना दिला. त्या प्याल्यावर उरलेले मी प्यालो. नंतर जलदान विधीच्या दिवशी घरातली माणसे तांब्यातले पाणी वाटीत ओतत होती, तेव्हा मिलिंद म्हणाला, "बाबा, तुम्हीही हात लावा." मी लावला.

रोज संध्याकाळी मी गाडीखाली पुठ्ठा सरकवतो आणि चार कोपऱ्यांवर खडे ठेवतो. पत्नी म्हणते, आता काही गळत नाही, कशाला वाकता या वयात? तिचे म्हणणे बरोबर आहे. गेल्या आठवड्यात, पाणी प्यालो त्या भेटीला तीन महिने पुरे झाले. मी शांताबाईंना फोन केला आणि रविवारी येतो म्हणालो. त्या म्हणाल्या, "गाडीला काही झालं का हो? आता बघनारं कोन हाय इथं..." मी म्हणालो, "गाडी ठीक आहे. चहाला येतो." मग त्या म्हणाल्या, "या, इवाई."

रविवारी सकाळी मी खडे बाजूला केले, पुठ्ठा बाहेर ओढला आणि उजेडात धरून पाहिला. कोरडा होता. मी गाडी काढली.